सात किलो

हातातली बॅग सात किलोच चालते,
तिकीट काढून देणारा ब्रह्मपुरीचा पोरगा म्हणाला.
म्हणून मी कॅमेऱ्याची बॅग उचलली
आणि घनश्यामच्या राइस मिलमध्ये गेलो.
धानाच्या काट्याला ती जाणवलीच नाही.
"एवढ्याशाले काय मोजू गा?
आधी तू चढ. मंग तिले घेऊन चढ.
वजाबाकी येते ना?"
एकटा मी एकसष्ट.
तिच्यासकट एकाहत्तर.
बावीस वर्षं लग्नं काढतोय,
मंडई, शंकरपट, वडशाच्या नाटकांची पोस्टरं,
धंदा दहा किलोचा आहे
हे आज कळलं.

निंबाजीची पोरगी दोह्यात नर्स आहे.
लग्न तिथंच. फोटो मात्र गावच्याच माणसानं काढायचे,
असं तिनं फोनवर सांगितलं
आणि वर म्हणाली, "भाऊ, तुमी चेहरे कापत नाई."

तीन किलो काढायचे कुठून?
ट्रायपॉड टॉवेलात गुंडाळून खालच्या पेटीत टाकला,
प्रेतासारखा दिसत होता, पण गेला.
फ्लॅश मोज्यात.
मोठी लेन्स अंगावर घेतली,
मोरेश्वर शिंप्यानं जाकिटाला आतून खिसा शिवला.
माणसाचं वजन विमानात कोणी करत नाही.

बॅटऱ्या तेवढ्या पेटीत चालत नाहीत.
त्या हातातच, आणि तोंडं झाकून.
एकमेकींना लागल्या तर पेट घेतात म्हणे.
चिकटपट्टी संपलेली, बाजार गुरुवारचा.
पुष्पकलानं टिकल्यांचं पाकीट फाडलं,
मरून, मखमली,
आणि सहाही बॅटऱ्यांच्या पितळी दातांवर
एकेक दाबून बसवली.
"घ्या," म्हणाली, "सवासनी झाल्या."

नागपूरला मशीनच्या पलीकडच्या बाईंनी बॅग उघडली.
टिकल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
मग पुरचुंडी काढली. "ये क्या है?"
"चावल है मॅडम. भुंजे हुए. लेन्स को ओल नई लगना करके."
त्यांनी दोन दाणे तळहातावर घेतले,
वास घेतला,
आणि गाठ माझ्यापेक्षा चांगली मारून दिली.

त्याच्या आधी कस्टमच्या खिडकीत अर्धा तास गेला.
जाताना लिहून न्यायचं असतं काय काय नेतोय ते,
नाहीतर येताना आपलाच माल परदेशी ठरतो.
कॅमेऱ्याचं बिल होतं. छोट्या लेन्सचंही.
मोठीचं?
मोठीचं वहीतलं पान होतं.
शेषराव ढेंगे गेल्यावर नलूबाईंनी दिलेलं, त्यांच्याच अक्षरात:
आठ हजार पोचले. चार राहिले.
बुरशी नाही. घासलेलं आहे ते त्यांच्या हातचं.
साहेबांनी पान दोनदा वाचलं.
लेन्स फिरवून नंबर शोधला;
शेषरावांचा अंगठा जिथं तीस वर्षं फिरला
तिथंच तो होता, निम्मा पुसलेला.
दोन आकडे अंदाजानं लिहावे लागले.
"चार दिले का मग?"
"नाही साहेब. हे लग्न झालं की."
शिक्का मारताना ते म्हणाले,
"हीच परत आणा."

विमान वर चढलं तेव्हा खिडकीची जागा माझी नव्हती.
शेजारच्या माणसाच्या कानामागून
काहीतरी चमकलं,
बोडी असेल, नाहीतर पत्रा.
कॅमेरा पायाशी होता. काढला नाही.
जाकिटातली लेन्स बरगडीला लागत होती.

दोह्यातली खोली थंड, भिंती कोऱ्या.
उद्या सकाळी हळद, म्हणून बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या.
टिकल्या नखानं काढल्या, एकही फाटली नाही.
ठेवायच्या कुठं?
घरी आरशावर लावतात,
म्हणून आरशावर लावल्या, एका ओळीत, सहा.
दाढी करायला उभा राहिलो
तर एक नेमकी माझ्या कपाळावर येत होती.
जरा वाकलो.
चार्जरचा लाल दिवा तेवढा चालू होता.