नोंद नाही

बसला अडीच तास होते, म्हणून शिरलो.
कुओपिओच्या बरंच वर, मार्च महिना,
हँगर कसलं, लाकडाची वखार ती,
आतली थंडी बाहेरच्याहून जुनी.

एका विमानाला शेपूटच नाही.
एकाचे पंख छत्रीसारखे मिटलेले.
एक तर इतकं गोल,
की रांजणाला कुणी पंखा ठोकलाय.
मी हसत हसत फोटो काढत होतो.

तिकीट फाडणाऱ्या बाई मागून आल्या,
राइली पेन्नानेन, लोकरी मोजे, हातात किल्ल्या.
त्यांचं इंग्रजी तुटकं, माझं घाईचं.
"आता यावर हसा," म्हणाल्या,
"हे माझ्या वडिलांचं."

बर्चच्या पट्ट्या. चादरीचं कापड.
शिवणयंत्राचा पायटा.
चाकांच्या जागी स्कीच्या दोन फळ्या.
वडील डेअरीत लोणी काढायचे.
पाटीवर: बांधणी १९५३. उड्डाण: नोंद नाही.

"म्हणजे उडालंच नाही?"

"त्या दिवशी गोठल्या तळ्यावर मी एकटीच होते त्यांच्यासोबत.
सात वर्षांची.
नेमकी बुटाची नाडी सुटली. मी वाकले.
मान वर केली, तर ते पार पुढे, बर्फात नाक खुपसून,
आणि बाबा ओरडतायत,
पाहिलंस? पाहिलंस ना?

मी हो म्हणाले.

ते आईला सांगायला पळाले. मी मागे राहिले.
फळ्यांचे दोन चर सरळ येत होते
आणि मधेच संपले.
पुढे कोरा बर्फ.
मग पुन्हा दोन चर.
तो कोरा तुकडा मी बाजूबाजूनं चालत मोजला,
त्याला पाय न लावता.
एकोणीस पावलं."

"मग पाटीवर लिहा की हे!"

"कमिटीला साक्षीदार लागतो," बाई म्हणाल्या.
"मी तर नाडी बांधत होते."
पंखावर नसलेली धूळ त्यांनी बाहीनं पुसली
आणि दिवे मालवायला गेल्या,
एकेक बटण, शेवटी रांजणावरचं.

बाहेर भुरभुर सुरू झालेली.
थांब्याकडे निघालो आणि
कुणी बघत नाही असं पाहून
एकोणीस पावलं टाकली, छोटी, पोरीएवढी.
कचऱ्याच्या डब्यापासून
दिव्याच्या खांबापर्यंतसुद्धा पोचलो नाही.

बस आधीच येऊन उभी होती.
ड्रायव्हर काचेतून बघत होता,
दार उघडं ठेवून.