मंगळवारचा नेम

दर मंगळवारी सातला
मी व्हर्लिनच्या तळघरात उतरते.
आईला फोनवर सांगितलं, दारू मोजायला जाते.
तिकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, निदान मंगळवारी तरी नको गं.

बाकावर लाकडी ठोकळा, पन्नास भोकांचा.
भोकांत पन्नास पितळी पुंगळ्या,
एकदा उडालेल्या, धुऊन पुसून पुन्हा उभ्या.
तरफ दाबली की जळकी टोपी टिक् करून डब्यात पडते,
तिच्या जागी नवी.
टायरच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस
इथे कुजबुजत बोलतो.

तराजू मात्र ओळखीचा निघाला.
वेंगुर्ल्याच्या बाजारात बाबांची पेढी होती,
पारड्यात गुंजा असायच्या,
लालभडक, एका टोकाला काळा डोळा.
ह्या एका काडतुसाला जेमतेम दीड गुंज दारू लागते.
व्हर्लिन त्याला ग्रेन म्हणतो.
दाणा तो दाणाच.

पिस्तूल घ्यायला डार्लाच्या दुकानात गेले तेव्हा
तिने काचेखालून एकेक काढून निळ्या कापडावर ठेवलं.
भाड्याने चालवून पाहिली तिन्ही.
मोठं पंचेचाळीस उसळून कपाळाला भेटायला आलं,
प्लॅस्टिकचं नवं इतकं हलकं
की हात आपलाच आहे का ते कळेना.
मग डार्लाने माझा तळवा दाबला,
अंगठ्याखालचं हाड कुठवर येतं ते पाहिलं,
पाटल्या करण्याआधी बाबा बघायचे अगदी तसं,
आणि मागून एक जुनं रिव्हॉल्व्हर आणलं,
लांब नळीचं, मूठ कोणाच्या तरी घामाने काळवंडलेली.
घासाघीस मी केली नाही.
सोनाराच्या मुलीने करायला हवी होती.

भरलेल्या प्रत्येक पुंगळीत व्हर्लिन टॉर्च मारतो,
उन्हाळ्यात विहिरीत वाकून बघावं तसा.
दोनदा पडलेली दारू हात नेते,
न पडलेली, गोळी नळीतच अडकवून ठेवते.
तो हे दर मंगळवारी सांगतो.
मी दर मंगळवारी पहिल्यांदा ऐकते.

फेब्रुवारीत त्याचा हात कापायला लागला.
आधी कॉफीचा कप, मग चमचा, मग मापाचं पारडं.
बाहेर फिंडले गोठलेलं, खिडकीला बर्फाची किनार,
आणि टॉर्च फिरवून झाल्यावर तो म्हणाला, ठीक आहे.
ठीक नव्हतं.
तिसऱ्या ओळीत सातव्या पुंगळीचा तळ
लख्ख दिसत होता.

शेवटच्या वर्षी बाबांनी
प्रभुखानोलकरांच्या पाटलीत गुंजभर सोनं कमी धरलं.
कोणी काही बोललं नाही.
मीही नाही.
गिऱ्हाईकं नुसती यायची थांबली,
आणि बाबा वर्षभर दुकान उघडून
रस्त्याकडे बघत बसले.

मी म्हटलं, व्हर्लिन, तिसरी ओळ, सात.

त्याने बघितलं. पुन्हा बघितलं.
चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला,
घातला नाही.
मग तराजू माझ्याकडे सरकवला,
एका बोटाने,
काटा हलू नये अशा बेताने.

बाबांचा तराजू भावाकडे गेला.
पुण्यात शोकेसमध्ये असतो आता,
पारड्यांत छोटे दिवे लावून.

हल्ली मी मोजते, तो टॉर्च धरतो.
उजेड भिंतभर थरथरतो,
पण विहिरीत पाणी आहे एवढं दिसतं.
आईचा मंगळवारचा नेम वेगळा, माझा वेगळा,
आणि व्हर्लिनच्या हाताचा काही नेम नाही,
हे इथल्या भाषेत मला अजून सांगता येत नाही.

शनिवारी रेंजवर पंचवीस यार्डांवर कागद,
कागदाच्या मधोमध गुंजेचा काळा डोळा.
श्वास अर्धा सोडला.
पुंगळीतली दीड गुंज माझ्याच हातची.
व्हर्लिन खुर्चीत, दुर्बीण स्टँडवर घट्ट आवळलेली,
तिला हात न लावता तो वाकून बघतो.

आठ, म्हणतो. डावीकडे.
बोट घाई करतंय तुझं.