मांजरपाट

दाभन किरान्यात भेटते, धानाची पोती शिवाचं,
सुतळीचा गुंडा त्याच्याच बाजूले.
दुकानदार माझ्या हातून पैसे घेत नाई.
म्हनते, ठेव तिथं, काट्यावर.
एकोनीस वर्षं झाली.

डॉक्टर खिडकीतून सांगते, मी कापतो.
डॉक्टर लिहिते, मी शिवतो
गळ्यापासून बेंबीपर्यंत, लांब लांब टाके.
मोहफुलं वेचाले गेलेली, वाघानं अर्धी ठेवलेली.
ट्रॅक्टरखालचा. विहिरीतली.
धुऱ्याच्या भांडनात सख्ख्या भावानं कुऱ्हाडीनं...
बाहेर लिंबाखाली लोक आलुबोंडा खात इचारतात,
किती वाजता भेटन बॉडी?
पोट्टे फाटकावर चढून मोबाईल आत धरतात.
व्हिडिओ गावात पहले पोचते,
मयत मागून येते.

मले बी काई वाटत नाई, खोटं कायले बोलू.
हात धुतो, डबा खातो.

मग सुकेशनी आली, सायकलवाल्या मेश्रामची पोरगी,
नागपूरले चित्रं काढाचं शिकून आलेली.
वाटलं, फोटो पाह्यजे असन. म्हनलो, हजार रुपये.
तिनं थैलीतून मांजरपाट काढला, कोरा, अठरा हात.
म्हने, काका, तिथं शिवता तसंच यावर शिवा,
जेवढे आठवतात तेवढे.
म्हनलो, हापिसात रजिस्टर आहे ना.
म्हने, रजिस्टर नको.

पहिल्या दिवशी तीनच आठवले.
चौथ्या दिवशी डोक्याले सोडून हातालेच आठवाले लागलं:
हा जाडा, याच्यात सुतळी तुटली होती.
ही बाळंतीन.
हा पावसात आला, लाईट नव्हती, टॉर्च तोंडात धरून शिवला.
याच्या खिशात एसटीचं तिकीट, ब्रम्हपुरीचं,
उतराचं राह्यलेलं.

अन् एक असा, की पाच टाक्यात भरला.
तो झाला अन् मी दाभन खाली ठेवलं.
बिडी पेटवली, ओढली नाई,
बोटाले चटका बसला तवा टाकली.
सुकेशनी काई बोलली नाई. बरं झालं.

सोमवारच्या बाजारात बांबू रोवून तिनं तो टांगला
मिरचीवाली अन् कोंबड्या कापनाऱ्याच्या मधात.
नाव नाई, पाटी नाई, रंगाचा थेंब नाई.
एकीनं भाव इचारला, मीटरनं देता का म्हने.
एका पोट्ट्यानं मोबाईल उचलला,
इकडून धरला, तिकडून धरला,
यात तर काईच नाई बे,
अन् खिशात टाकला.

उन्हं कलल्यावर एक बाई आली, डोक्यावर वांग्याचं टोपलं.
टोपलं उतरवून टाक्यावरून बोट फिरवत चालली,
एका जागी थांबली.
हा ढिला आहे, म्हने.
हो, म्हनलो, त्या दिवशी सहा होते.
तिनं पोतीले अडकवलेली सुई काढली,
लुगड्याच्या काठाचा दोरा ओढला,
अन् माझ्या टाक्याच्या बाजूनं बारीक बारीक,
चोळी शिवावी तसं, शिवत राह्यली.
तिचा कोन होता, तिनं सांगितलं नाई.
मी इचारलं नाई.
कोंबडीवाल्यानं तेवढ्या वेळात सुरा खाली ठेवला होता,
का गिऱ्हाईक नव्हतं, माहीत नाई.

मंगळवारी किरान्यात गेलो.
म्हनलो, बारीक सुई दे. अन् दोरा. सुतळी नको.
दुकानदारानं मान वर केली.
एकोनीस वर्षात पहिल्यांदा त्यानं इचारलं,
कोनासाठी?

म्हनलो, अजून आनला नाई.