उणे एकतीस

सस्कॅचेवानमध्ये रात्री गाड्यांनाही
प्लग लावून ठेवतात,
इंजिन गोठू नये म्हणून.

पाळक फ्रीसेन वायर हातात धरून
बर्फात उभे आहेत केव्हाचे.
या महिन्यातलं तिसरं दफन. जमीन इतकी टणक
की आधी रात्रभर कोळसे पेटवले, मग कुदळ.
कॉर्नीच्या आईला ते म्हणाले,
तो प्रभूमध्ये झोपी गेलाय.
आवाज जराही हलला नाही.
त्याचीच भीती वाटली त्यांना.

टेबलावर कुणीतरी दिलेला नूडल्सचा डबा,
फोनवर सात निरोप :
चर्चचा हीटर, गायनवृंद, कुणाचं तरी लग्न मोडतंय.
आठवा फोन त्यांनाच करायचा होता, कुणाला तरी.
नाव आठवेना.

बायको खिडकीतून विचारते, काय झालं?
काही नाही. सॉकेट सापडत नाहीये.

सॉकेट समोरच आहे.