एकतीस मिलिमीटर

अल कुसैसच्या खोलीत, वरच्या बंकवर बसून
विश्रामने ब्लूटूथ टॅगचं झाकण नखाने उचकटलं.
जुन्या चार्जरमधली तांब्याची तार,
एकतीस मिलिमीटर, मोजून.
डाख दिला. फुंकर मारली.

आधी जिन्यापाशीच मुका व्हायचा.
आता गुलजमान फोन घेऊन चालत गेला
बकाला, मशीद, पार बसथांब्यापर्यंत
आणि तिथून ओरडला, "अभी भी जिंदा है!"

मग टॅग कार्गोच्या खोक्यात गेला,
दुधाची पावडर आणि चादरीच्या मध्ये.
कंटेनरचं दार लागलं.
लोखंडापुढे तारेचं काय चालणार?

तेवीस दिवस स्क्रीनवर तेच :
शेवटचं दिसलं, अल कुसैस.

चोविसाव्या दिवशी देवरुखहून लेकीचा फोन,
"बाबा, ह्याला मिशी कोणी लावली?"