बाजूची जागा

चाळीसगाव नगरपालिका, पहिला मजला.
जन्म, मृत्यू आणि दफनभूमी एकाच टेबलावर.
डाव्या खणात जन्म, उजव्या खणात मृत्यू,
दफनभूमीचं रजिस्टर कुठल्याच खणात मावत नाही.
ते वर असतं. त्यावर मी डबा ठेवतो.

एस्तेरबाई पगारे दर एप्रिलात येतात,
छत्री काखेत, जुनी पावती पिशवीत.
ओळ सात, जागा अकरा: शमुवेल पगारे, पॉइंट्समन.
ओळ सात, जागा बारा: राखीव.
साडेतीनशे रुपये मोजून देतात आणि विचारतात,
"बारा आहे ना जागेवर?"
जशी बारा रात्रीतून उठून धुळे पॅसेंजरला बसेल.

यंदा परिपत्रक आलं. राखीव बंद.
ज्याचा दाखला आधी, त्याला जागा आधी.
मी वाचून दाखवलं, मान वर न करता.
"म्हणजे जागेसाठी घाई करायची का मी?"
हे त्या हसून म्हणाल्या नाहीत.
पंखा फिरत होता, कागद उडत होते,
मी डबा उचलून परिपत्रकावर ठेवला.

मग नियम नऊ मीच शोधला:
चौदा वर्षं झालेली कबर
वारसाच्या संमतीने, त्याच कुटुंबासाठी
पुन्हा उघडता येते.
शमुवेल पगारेंना सोळा झाली.
वारस त्या. अर्जदार त्या. जिच्यासाठी, तीही त्याच.
तिन्ही ठिकाणी तीच सही,
जुन्या नर्सची, खाली रेघ, शेवटी टिंब.

"खोली?" मी विचारलं. रकान्याचं नाव आहे ते.
"एकच होती रेल्वे क्वार्टरला," त्या म्हणाल्या,
"चाललं आमचं."
मी लिहिलं: साडेसात फूट.
आम्ही वाणी, लिंगायत. आमच्यात बसवून पुरतात.
मला लांबीची कधी काळजी नव्हती.
त्या दिवशी घरी जाऊन उगाच
मांडी घालून भिंतीला पाठ लावून पाहिली.

निघताना म्हणाल्या, "अजून एक आहे."
ओळ एक, लहान मुलांची, कंपाऊंडला लागून.
रस्ता रुंद होतोय, भिंत आत सरकणार.
सन चौऱ्याहत्तरच्या पानावर, निळ्या शाईत:
पगारे यांची मुलगी, वय दिवस सात.
नावाचा रकाना मोकळा.
"ठेवलं होतं," त्या म्हणाल्या, "विचारलं नाही कोणी."
मीही नाही विचारलं.

पंचनाम्याला गेलो. ऊन असं की
काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा,
सगळे क्रूस तितूरकडे कललेले.
झिपरूने पहार मारली, मग खुरपं घेतलं,
मग हातानेच उकरत राहिला मुरूम लागेपर्यंत.
वर बघून म्हणाला,
"आठे काहीच नही, माय. निस्ती माटी शे."
त्यांनी पाटी पुढे केली. "तीच भर."

स्थलांतराच्या अर्जात दोनच पर्याय आहेत:
अस्थी. अवशेष.
दोन्ही खोडून मी लिहिलं: माती, एक पाटी.
मातीला दर नाही. शून्याची पावती मशीन फाडत नाही.
एक रुपया लावला, तो त्यांनी
रुमालाच्या गाठीतून काढून दिला.
पाटी अकरात उतरवताना
झिपरू चप्पल काढून उभा होता.
माझे बूट होते, लेस सुटेना.

या एप्रिलात त्या पुन्हा आल्या.
भरायचं काहीच नव्हतं. तरी बाकावर बसल्या,
पाणी प्यायल्या. मग,
"बारात कोण आलं?"
रजिस्टर उघडलं: बेवारस, पुरुष, फलाट तीन,
वय अंदाजे चाळीस, उजव्या पायात पैंजण.
पैंजणाचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं.
"असू दे," म्हणाल्या. "फलाटावरचा आहे,
यांच्या ओळखीचा निघेल."
आणि छत्री उघडायला लागल्या,
इथेच, ऑफिसात, पंख्याखाली.