नियोजित

बोर्ड बारा बाय आठ.
शहर संपतं तिथं, माळावर,
दोन लोखंडी पाय रोवून उभा आहे.
'नियोजित माहिती तंत्रज्ञान संकुल.'
चौथ्यांदा रंगवतोय.

पहिल्यांदा रंगवला तेव्हा प्रणील बालवाडीत.
डब्यात उरलेल्या निळ्यानं मी त्याची सायकल रंगवली होती.
दुसऱ्या खेपेला साहेब बदलले,
तिसऱ्या खेपेला खात्याचं नाव.
या खेपेला कारण म्हशी.

म्हशींचं काय चुकलं म्हणा,
अख्ख्या माळावर पाठ घासायला दुसरं आहेच काय?
खालची ओळ होती : पाच हजार रोजगार.
घासून घासून त्यांनी 'पाच' तेवढा ठेवलाय.
माझ्या हिशेबानं तोही जास्तच.
आजवर एकच झाला. मी.
दर खेपेला तीन दिवस,
बिल सहा महिन्यांनी.

बाकी शहर फ्लेक्सवाल्यांनी नेलं.
वाढदिवस, निवड, श्रद्धांजली,
सगळ्यांचे गाल एकसारखे गुळगुळीत.
हा एक पत्रा माझ्याकडं राहिला,
कारण कुणीतरी कधीतरी कागदावर 'ऑइलपेंट' टाइप केलं
आणि ते खोडायला मीटिंग लागते.

मागच्या खेपेला मी शिडीवर असताना
बेंगळुरूचे तिघं आले होते.
मगदूम क्लार्क नकाशा धरून उभे,
वाऱ्यानं नकाशा त्यांच्याच तोंडावर.
विमान रोज आहे का, विचारलं.
मोठं हॉटेल किती मिनिटांवर, विचारलं.
मग एकजण म्हणाला, टॅलेंट?
मगदूम म्हणाले, भरपूर हाय की साहेब.
कुठं?
मगदूमांनी वर माझ्याकडं बघितलं.
मी ब्रश पुसत राहिलो.

सांगायला हवं होतं,
रविवारी रात्री साडेदहाला कावळा नाक्यावर या.
रांगेत उभ्या बसगाड्या,
रांगेत उभं टॅलेंट.
पाठीवर सॅक, हातात कांदा-लसूण चटणीची बरणी,
आणि बाप लोक उगाच टायरकडं बघत,
जणू हवा तपासायलाच आलेत.
किंवा उद्यमनगरात चला, माझा भाऊ दाखवतो.
लेथवर केसाची जाडी बोटानं सांगतो,
वर विचारतो, कुणाच्या केसाची?

नाही सांगितलं.
तिघांनी तांबडा-पांढरा ओरपला,
कळवतो म्हणाले.
रस्सा झक्कास होता, एवढं कळवलं.

एक गोष्ट मगदूमांनाही ठाऊक नाही.
'नियोजित' हा शब्द
मी दर खेपेला एक सूत बारीक काढतो.
बाकीची अक्षरं तेवढीच,
वेलांट्या तशाच, शिरोरेषा ओळंब्यात.
चार खेपांत अर्धा इंच गेला.
कुणी टेप लावून बघत नाही.
असंच चाललं आणि डोळे टिकले
तर माझ्या हातून तो शब्द
एक दिवस ठिपका होईल.
मग म्हशींनी बघून घ्यावं.

आज सोमवार. पत्रा तापायच्या आत
वरची ओळ उरकायची म्हणून पहाटेच आलोय.
अजून 'नि'ची वेलांटी ओली आहे.
खिशात फोन थरथरला.
पप्पा, पोचतोय आता. तुम्ही उठलाय?
उठलोय की.
काय करताय एवढ्या सकाळी?
एक हात शिडीला, दुसऱ्यात ब्रश,
फोन मान वाकडी करून धरलेला.
म्हटलं, तुझंच ऑफिस रंगवतोय बाळा.

तो हसला का नाही, कळलं नाही.
मागून क्लीनरचा आवाज येत होता,
वाकड, वाकड,
हिंजवडीवाले पुढं या, गाडी थांबणार नाही.